अनवाणी पायांची विद्या

फुटबॉलचा इतिहास लिहिणारे बहुधा गोलांची गणती करतात. कोणी कोणाला हरवले, ढाल कोणी पटकावली, हे सनावळीसह सापडते. पण ज्या पायांनी ते गोल केले ते पाय काय शिकले होते, आणि कसे, याची नोंद फारसे कोणी ठेवीत नाही. भारतीय फुटबॉलपुरता तरी हा पायांचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण आपला पाय दीर्घकाळ अनवाणी होता.

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत. या विजयाचा राष्ट्रीय अर्थ आपण पुष्कळदा वाचला आहे. मला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. समोरच्या सोजिराचा जड बूट पायावर पडला तर बोटे चेचली जाणार, हे ठाऊक असलेला माणूस खेळतो तरी कसा?

तो चेंडू पायाशी रेंगाळू देत नाही. बूट येऊन पोहोचण्यापूर्वी चेंडू सोबत्याकडे गेलेला असतो, नाहीतर अंगाला झोल देऊन तो स्वतःच निसटलेला असतो. अंगठ्याच्या टोकाने चेंडू मारायची तर सोयच नसते. वाद्यांनी आवळलेला तो चामडी चेंडू असा मारला की नखाची शाश्वती नाही. म्हणून घोटा ताठ, बोटे खाली वळविलेली आणि चेंडूवर पावलाची वरची पाठ, असा फटका तो आपोआप शिकतो. जवळ द्यायचा चेंडू पावलाच्या आतल्या बाजूने ढकलतो. आलेला चेंडू अडवताना टाच खाली, चवडा वर ठेवून तळव्याखाली हलकेच दाबतो. 'अंगठ्याने मारू नकोस' हे वाक्य आजचा शिक्षक आठवडाभर घसा कोरडा करून सांगतो. अनवाणी पायाला ते एकदाच सांगावे लागे, आणि सांगणारा चेंडूच असे!

परंतु या विद्येला पावसाळा मानवत नसे. भिजलेले चामडे पाणी पिऊन जड होई, चिखलात पायाला पकड राहत नसे. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगने हे ओळखले, आणि ओल्या मैदानावर बूट चढविले. कोरड्यात कातडी, ओल्यात चामडे, असा हा व्यवहारी तोडगा होता. दुर्दैवाने त्याचा बोध सर्वांनी घेतला नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ बहुतांशी अनवाणी उतरला, फ्रान्सशी १-२ असा हरला आणि तरीही वाखाणला गेला. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल निराळा लागता. १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही, ते अनवाणी खेळू दिले नाही म्हणून, अशी कथा अजून सांगितली जाते. ती मोठी गोड आहे, पण खरी कारणे रुक्ष होती: सरावाला अपुरा वेळ, निवडीवरचे मतभेद, आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला मोठे मानण्याची त्या वेळची समजूत. कौतुकाची नशा उतरली ती १५ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीच्या थंडीत. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले, आपला एक. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

आता नियम एका ठरावात बदलता येतो, पाय बदलत नाही. वर्षानुवर्षे कातडीने ओळखलेला चेंडू चामड्याच्या भिंतीआडून ओळखायचा, म्हणजे अक्षर गिरविण्यापासून पुन्हा आरंभ! हा आरंभ करवून घेणारा माणूस पेशाने शाळामास्तर असावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. चेंडू खेळवत न बसता तत्काळ पुढे देण्याच्या, दुबळ्या पायानेच खेळण्याच्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक नेला.

या शिकवणीची परीक्षाही त्याच परीक्षकाने घेतली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या टाटा संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, आपण ४-२ असे जिंकलो, आणि उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल आपला होता, तोही नेव्हिलचाच. शेवटी १-४ अशी हार झाली. पण १-१० आणि १-४ यांत जे अंतर आहे, ते चार वर्षांच्या गिरवण्याचे आहे. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नमवून आशियाई सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

त्यानंतर ते सुवर्ण पुन्हा आले नाही. १९७० चे बँकॉकचे कांस्य हेच शेवटचे पदक. याचे खापर कोणी बुटांवर फोडतात, अनवाणी काळासाठी उसासे टाकतात. मला ते पटत नाही. अनवाणी पायाला त्याचा गुरू फुकट लाभला होता: वेदना. बूट चढले आणि तो गुरू गेला. त्याची जागा माणसाने घ्यावी लागते, आणि ती मोठ्या संघाच्या शिबिरात नव्हे, तर आठ-दहा वर्षांच्या पोराच्या शाळेत. बूट विकत मिळतात. घोटा ताठ धर, चेंडूवर नजर ठेव, डाव्या पायाने पुन्हा मार, असे न कंटाळता शंभरदा सांगणारा मास्तर मात्र विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो. आपण पायांत बूट घातले, हे योग्यच झाले. प्रत्येक मैदानावर एक रहीम उभा करायचे काम मात्र राहून गेले.