एमबीबीएसनंतर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र : विद्यार्थिनींनी आणि पालकांनी काय माहीत करून घ्यावं?

आष्टी (जि. वर्धा) : आपल्या समाजातल्या मुली एमबीबीएसला जाऊ लागल्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. इंटर्नशिप संपत आली की घरात एक सल्ला हमखास मिळतो, "गायनॅक घे बेटा, बायकांचंच काम आहे, पर्दाही राहील." सल्ल्यामागचा हेतू चांगला असतो. पण ही शाखा सोपी समजून कुणी घेऊ नये. अॅडमिशनपासून बॉण्डपर्यंत लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

काम नेमकं कसं असतं?

एमएस (काही ठिकाणी एमडी) हा कोर्स तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा बहुतेक वेळ लेबर रूममध्ये जातो. बाळंतपणाला वेळ-काळ नसतो, त्यामुळे रात्रीच्या ड्युट्या भरपूर. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके, अडलेलं बाळंतपण, अशा वेळी काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. सोबत सिझेरियन, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, ओपीडी आणि प्रबंध असतोच. २०२१ च्या बॅचपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे.

हे फक्त "बायकांचं काम" नाही. शिक्षक, भूलतज्ज्ञ, सोबतचे रेसिडेंट पुरुषही असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये तिथलाच पोशाख घालावा लागतो. डोकं पूर्ण झाकणारी टोपी मिळते, पण हात धुण्यासाठी बाह्या कोपराच्या वर घ्याव्याच लागतात. ड्युटीतल्या नमाजचे आणि रोजाचे मसले आधीच आपल्या आलिमांना विचारून ठेवावेत.

प्रवेशाचे रस्ते

१) नीट-पीजी : २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. पात्रतेसाठी खुल्या व ईडब्ल्यूएस वर्गाला ५० पर्सेंटाईल, ओबीसी, एससी, एसटीला ४० पर्सेंटाईल लागतं. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत आणि पात्र झालं म्हणजे सीट मिळाली असंही नाही. सीट रँकवर मिळते.

२) सरकारी कॉलेजच्या ५० टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात. त्यांचं आणि अभिमत विद्यापीठांचं समुपदेशन दिल्लीची एमसीसी करते. उरलेल्या जागा राज्याच्या सीईटी सेलकडे असतात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. एक भरून दुसरी राहिली तर निम्म्या संधी गेल्या.

३) डीएनबी : हाही तीन वर्षांचाच कोर्स आहे, प्रवेश नीट-पीजीवरूनच. अनेक ट्रस्टच्या व खासगी हॉस्पिटलांत जागा असतात. अंतिम परीक्षा राष्ट्रीय बोर्ड घेतं.

४) आयएनआय-सीईटी : नागपूरसह सर्व एम्ससाठी ही वेगळी परीक्षा आहे, वर्षातून दोनदा होते.

परदेशात एमबीबीएस केलेल्यांना आधी एफएमजीई पास होऊन भारतात इंटर्नशिप करावी लागते. दुसऱ्या राज्यातून एमबीबीएस केलं असेल तर राज्य कोट्याची पात्रता त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचावी.

कागदपत्रं : इथेच आपण मागे पडतो

२०१४ चं पाच टक्के मुस्लिम आरक्षण आज लागू नाही, त्यावर विसंबू नका. पण मोमीन, तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर हा सगळ्यात भक्कम आधार. बऱ्याचदा तिथे जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं निघतं. मग कोतवाल बुक, जन्म-मृत्यू नोंदी किंवा महसुली कागद शोधावे लागतात. याला महिने लागतात, म्हणून निकालाची वाट बघत बसू नका.

जातीचा दाखला व नॉन-क्रिमिलेअर आपल्याकडे आर्वीच्या उपविभागीय कार्यालयातून होतो, व्हॅलिडिटी वर्ध्याच्या जात पडताळणी समितीकडून. ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा आणि जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावं. ज्यांना कोणतंच जातीचं आरक्षण नाही आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएस तपासावं. त्यात जमीन-घराच्याही अटी आहेत आणि दाखला दरवर्षी नवा लागतो.

कॉलेज कसं निवडावं?

नावापेक्षा लेबर रूम बघा. महिन्याला किती प्रसूती होतात, रेसिडेंटला स्वतःच्या हाताने किती सिझेरियन करायला मिळतात, हे तिथल्या सिनियर्सना विचारा. विद्यावेतन वेळेवर मिळतं का, हॉस्टेल हॉस्पिटलच्या आवारात आहे का, हेही विचारा. आपल्या जिल्ह्यातच दोन मोठ्या संस्था आहेत. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं, तर सावंगी (मेघे) इथलं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं आहे, तिथली फी आधी बघून घ्यावी. नागपूरला जीएमसी आणि मेयो ही सरकारी कॉलेजं आहेत.

सरकारी कॉलेजमध्ये पीजी केल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, न केल्यास ५० लाखांचा दंड. सही करण्याआधी बॉण्ड आई-वडिलांनीही वाचावा.

घरच्यांसाठी चार शब्द

या तीन वर्षांत निकाह ठरवायचा असेल तर सासरच्यांना ड्युटीचं स्वरूप आधीच साफ सांगा. "रात्री घरी येईल" असा वादा करू नका. बाळंतपणाची रजा मिळते, पण तेवढा कोर्स पुढे जातो. मुलीला रेडिओलॉजी किंवा पॅथॉलॉजी आवडत असेल तर जबरदस्ती नको. मन नसताना ही शाखा निभत नाही.

कायदाही लक्षात असू द्या. गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग विचारणारा नातेवाईक असो की मोहल्ल्यातला मोठा माणूस.

मग ही शाखा का घ्यावी?

नागपूरच्या जीएमसीत शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा त्रास होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लाजेपोटी दुखणं अंगावर काढणाऱ्या खाला, फुफी, चाची आपल्या घरातही आहेत. लेडी डॉक्टर नाही म्हणून त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आष्टी, आर्वी, कारंजासारख्या तालुक्यांत त्यांची भाषा समजणारी डॉक्टर बसली तर त्या येतील. ज्या मुलीला हे काम मनापासून करावंसं वाटतं, तिच्या पाठीशी घराने तीन वर्षं भक्कम उभं राहावं. रात्री दोन वाजता ड्युटी संपवून आलेल्या मुलीला गरम जेवण आणि झोप मिळाली, तरी खूप मोठा आधार होतो.