कातड्याची वादी आणि रुळांची रेघ

जव्हारच्या राज्याची जन्मकथा जमिनीच्या मापापासून सुरू होते. ब्रिटिश काळातल्या ठाणे गॅझेटियरनेही ती नोंदवून ठेवली आहे. जयबा मुकणे या महादेव कोळी पुढाऱ्याने इथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य झाल्यावर त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि डोंगरासकट मुलूख वेढून घेतला. हीच युक्ती कार्थेजच्या डिडो राणीच्याही नावावर आहे, तेव्हा कथेवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे. जयबाच्या मुलाला मात्र १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहा ही पदवी मिळाली आणि जव्हारचे राज्य पुढे सहाशे वर्षे टिकले. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले होते.

म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या या भागातले जव्हार हे जुने राजधानीचे गाव. पालघरला जेव्हा कोणी ओळखत नव्हते, बोईसर हे खेडे होते आणि सेलवास पोर्तुगीजांच्या नगर हवेलीतले आडवळणाचे ठाणे होते, तेव्हा जव्हारला दरबार होता, दसरा होता, राजवाडा होता. १९१८ साली इथे नगरपालिकाही आली. एवढी आघाडी असलेले गाव शेजाऱ्यांच्या मागे कसे पडले?

१९०१ च्या गणनेत जव्हार संस्थानात ४७,५३८ माणसे होती आणि खुद्द जव्हार गावात ३,५६७. संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल. बाहेर जाणारा मुख्य माल दोनच: साग आणि भात. शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, जव्हार शहराची लोकसंख्या ११,२९८ झाली आणि २०११ मध्ये १२,०४०. दहा वर्षांत साडेसातशेच्या आत भर. त्याच दहा वर्षांत पालघर शहर ५२,६९९ वरून ६८,९३० वर गेले.

याचे पहिले उत्तर रुळांत सापडते. १८६० च्या दशकात मुंबईचे दोन लोहमार्ग या भागाच्या दोन बाजूंनी गेले. एक किनाऱ्याने सुरतेकडे गेला, दुसरा कसाऱ्यावरून थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला पोचला. जव्हार आणि शेजारचा मोखाडा या दोन रुळांच्या बरोबर मधे राहिले, दोन्हींपासून एक-एक घाट दूर. किनाऱ्याच्या मार्गावर जे स्थानक पडले त्या पालघरने पुढे केळवे-माहीमकडून तालुक्याचे ठाणेही घेतले. माहीमचा किल्ला आणि बंदर जिथल्या तिथे राहिले. कचेरी, वकील आणि दुकाने स्थानकाजवळ आली.

दुसरी रेघ राजकीय होती. जव्हार संस्थानी, तर शेजारचा मोखाडा ब्रिटिश मुलुखात, तोही शहापूर तालुक्याचा एक पेठा, म्हणजे उपतालुका, म्हणून. एकाच डोंगरावरची, एकच नागली-वरई खाणारी माणसे दोन राजवटींत वाटली गेली. उत्तरेला तिसरी राजवट होती: १७८३ पासून नगर हवेलीत पोर्तुगीज. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा आहे. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली झेपावते आणि पर्यटक श्रावणात गर्दी करतात. याच बाजूने पुढे गेले की सेलवासची वाट लागते.

सेलवासचे प्रकरण तर थक्क करणारे आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. केंद्रशासित प्रदेश म्हणून १९८० च्या दशकापासून तिथल्या कारखान्यांना करसवलती मिळाल्या आणि प्लॅस्टिक, सूत, यंत्रभागांचे कारखाने तिथे धावत आले. २००१ मध्ये सेलवासची लोकसंख्या २१,८९३ होती, २०११ मध्ये ९८,२६५. यात हद्दवाढीचाही वाटा आहे, पण संपूर्ण दादरा-नगर हवेलीही त्या दशकात सुमारे ५६ टक्क्यांनी वाढली. जमीन तीच, पाऊस तोच, बोलीही सरमिसळीची. फरक फक्त कराच्या कायद्याचा.

बोईसरला अणुऊर्जेने हात दिला. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, जोडीला औद्योगिक वसाहत आली, आणि केंद्रासाठी पोफरण-अक्करपट्टीसारखी किनाऱ्यावरची गावे पुढे उठलीही. वाड्याला भिवंडीचे शेजारपण फळले. डहाणूचे उलटे झाले. १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि कारखानदारीला लगाम बसला. चिकू वाचला, शहर हळूहळू वाढले. आता तालुक्यातल्याच वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्याने तो लगाम कितपत टिकेल हा वादाचा विषय आहे.

जव्हारच्या वाट्याला काय आले? १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजधानी तालुक्याचे गाव बनली. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेलेले यशवंतराव मुकणे महाराज पुढे लोकसभेवर निवडून गेले, पण गादीसोबत जो खर्च गावात होत असे तो आटला. १९९९ मध्ये विक्रमगड तालुका वेगळा काढला गेला. २०११ मध्ये जव्हार तालुक्यात १,४०,१८७ आणि विक्रमगडमध्ये १,३७,६२५ माणसे होती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला, तेव्हा सरकारने जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी दिली. गावाला कचेरी मिळण्यासाठी मुलांना मरावे लागले, हे इथल्या विकासाच्या हिशेबातले सर्वांत अवघड पान आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा फोडून पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला हवे ही मागणी जोरात होती. दिले पालघरला, रुळाजवळ. कोळगावात सिडकोने उभारलेली नवी कचेरी झकास आहे. मोखाड्याच्या शेतकऱ्याला तिथे कामासाठी जायचे तर शंभरेक किलोमीटर पडतात, त्यापेक्षा नाशिकचा बाजार त्याला जवळचा वाटतो.

मोखाड्याची गोष्ट आणखी वेगळी. २०११ ची तालुक्याची लोकसंख्या ८३,४५३, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. जिल्ह्यात सर्वांत कमी लोकसंख्येचा हा तालुका आणि मुंबईची तहान भागवणाराही. मोडकसागर धरण १९५७ चे, तर मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ. १०२ मीटर उंच, २०१४ पासून दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देणारे. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. विहिरीत दोर सोडून हंडाभर पाण्यासाठी थांबलेल्या बायकांची छायाचित्रे दर मे महिन्यात छापून येतात.

पाण्यामागून माणसेही जातात. भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. इथे त्याला स्थलांतर कोणी म्हणत नाही. ‘जगायला गेले’ म्हणतात. भिवंडी, वसई, वाडा, पालघरच्या वीटभट्ट्या, रेतीबंदरे, बांधकामे. जोडप्याने उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मुले भट्टीवरच असतात. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगे नाचतात तेव्हा काही घरे परततात, काहींची पावसाळ्याच्या तोंडावरच परत येण्याची सोय होते.

आता जनगणनेचे वेळापत्रक पाहा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, बेघरांची २८ च्या रात्री. नियम असा की या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याला घरच्या गावी मोजायचे नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे फेब्रुवारीत विटा पाडणारे मोखाड्याचे कुटुंब कागदावर वसईचे किंवा भिवंडीचे होते. वसई तालुक्याचा १३,४३,४०२ हा आकडा वाचताना आणि मोखाड्याचा ८३,४५३ वाचताना ही गोष्ट कुठेच छापलेली दिसत नाही. जुलैत मोजले असते तर दोन्ही आकडे थोडे सरकले असते. शाळेचे वर्ग, रेशनचा कोटा, दवाखान्यातल्या खाटा हे सारे ज्या आकड्यांवर ठरते, ते आकडे माणसे गावात नसतानाचे आहेत. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात रांगा लागतात त्या मात्र पावसाळ्यात, सगळे परत आल्यावर.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीतच व्हायची आहे. त्या महिन्यात भट्ट्या पेटलेल्या असतात.