किंग लिअर (पाचवा अंक)

'किंग लिअर'चा पाचवा अंक हा विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) या इंग्रज नाटककाराच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेचा अखेरचा अंक होय. हे नाटक इ.स. १६०५–०६ च्या सुमारास लिहिले गेले. २६ डिसेंबर १६०६ रोजी राजा पहिला जेम्स याच्यासमोर व्हाइटहॉल येथे त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. पाचव्या अंकात तीन प्रवेश आहेत. युद्धातील पराभव, दोन भावांचे द्वंद्व, तिन्ही राजकन्यांचा अंत आणि वृद्ध राजाचा मृत्यू या घटना त्यांत येतात. लिअरची कथा शेक्सपिअरच्या आधीपासून परिचित होती. परंतु कॉर्डेलियाचा लिअरच्या डोळ्यांदेखत होणारा अंत आणि त्या शोकात त्याचे प्राण जाणे हा शेवट शेक्सपिअरचा स्वतःचा आहे. त्यामुळे या अंकाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः नाटककाराने केलेल्या या बदलाचा अभ्यास ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनचा वृद्ध राजा लिअर आपले राज्य तीन मुलींत वाटून देण्याचे ठरवतो आणि प्रत्येकीला आपल्यावरील प्रेम शब्दांत सांगण्यास फर्मावतो. थोरल्या गॉनेरिल व रीगन स्तुतीची खैरात करतात. धाकटी कॉर्डेलिया तसे बोलण्यास नकार देते, म्हणून लिअर तिला वारसाहक्कातून काढून टाकतो. फ्रान्सचा राजा तिच्याशी विवाह करतो. पुढे थोरल्या मुली लिअरला घराबाहेर काढतात आणि वादळात भटकताना त्याला वेड लागते. समांतर उपकथानकात सरदार ग्लॉस्टर आपल्या अनौरस मुलाच्या, एडमंडच्या, बोलण्यावर विश्वासून औरस पुत्र एडगर यास दूर लोटतो. पुढे लिअरला मदत केल्याबद्दल ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात. चौथ्या अंकाच्या अखेरीस लिअर व कॉर्डेलिया यांची भेट होते, लिअर तिची क्षमा मागतो आणि त्याचे मन स्थिरावू लागते. या भेटीमुळे प्रेक्षकाच्या मनात सुखान्ताची आशा निर्माण होते. पाचवा अंक त्या आशेच्या पायावर उभा आहे.

कथानक

पहिला प्रवेश डोव्हरजवळील ब्रिटिश छावणीत घडतो. एडमंडने गॉनेरिल व रीगन या दोघींनाही प्रेमाचे वचन दिले असून दोघी एकमेकींवर संशय घेत आहेत. गॉनेरिलचा पती ऑल्बनी परकीय फौजेविरुद्ध लढण्यास उभा असला, तरी लिअरबद्दल त्याच्या मनात सहानुभूती आहे. वेषांतर केलेला एडगर त्याच्या हाती एक पत्र देतो. ऑल्बनीला ठार मारण्याचा गॉनेरिलचा बेत त्यात उघड झालेला असतो. प्रवेशाच्या शेवटी एडमंड स्वगतात आपला निश्चय सांगतो: विजय मिळाल्यावर लिअर व कॉर्डेलिया यांना दया दाखवायची नाही.

दुसरा प्रवेश अत्यंत छोटा, जेमतेम अकरा ओळींचा आहे. एडगर अंध पित्याला झाडाखाली बसवून जातो, युद्ध रंगमंचाबाहेरच होते आणि एडगर पराभवाची बातमी घेऊन परततो. लिअर व कॉर्डेलिया कैद झालेले असतात. ग्लॉस्टर तेथेच मरण यावे अशी इच्छा व्यक्त करतो. जन्माप्रमाणेच मृत्यूही योग्य वेळीच स्वीकारावा, असे एडगर त्यास समजावतो.

तिसऱ्या प्रवेशाच्या आरंभी कैदेत जाणारा लिअर आनंदात असतो. पिंजऱ्यातील पक्ष्यांप्रमाणे आपण दोघे राहू, असे तो कॉर्डेलियाला सांगतो. एडमंड एका अधिकाऱ्याच्या हाती गुप्त आदेश देऊन त्याला त्यांच्या मागे पाठवतो. त्यानंतर ऑल्बनी एडमंडवर राजद्रोहाचा आरोप ठेवतो. तुतारी तीनदा वाजते, शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला एडगर पुढे येतो आणि द्वंद्वात एडमंडला प्राणघातक जखम करतो. मग तो आपली ओळख देऊन पित्याचा मृत्यू निवेदन करतो: हर्ष आणि शोक यांच्या ओढाताणीत ग्लॉस्टरचे हृदय फुटले. गॉनेरिलने रीगनला विष दिले व स्वतःचा जीव घेतला, ही वार्ता येते. त्या दोघींची प्रेते रंगमंचावर आणली जातात. मरणोन्मुख एडमंड कैद्यांच्या वधाचा आदेश सांगून टाकतो व तो थांबवण्यासाठी आपली तलवार खूण म्हणून देतो. पण तोवर वेळ टळून गेलेली असते. कॉर्डेलियाचे कलेवर हातांत घेऊन लिअर प्रवेश करतो. तिला फाशी देणाऱ्यास त्याने मारलेले असते. ती श्वास घेते आहे का, हे तो आरसा व पीस धरून पाहू लागतो आणि अखेर तिच्याजवळच प्राण सोडतो. निष्ठावंत केंट धन्यामागोमाग जाण्याचे सूचित करतो.

मूळ कथेतील बदल

लिअरची कथा बाराव्या शतकातील मॉन्मथचा जेफ्री याच्या इतिहासग्रंथात आणि पुढे हॉलिन्शेडच्या बखरीत आढळते. तेथे कॉर्डेलियाच्या बाजूचा विजय होतो, लिअर पुन्हा गादीवर बसतो व काही वर्षांनी मरण पावतो. त्यानंतर कॉर्डेलिया राज्य करते. पुढे भाचे बंड करून तिला कैदेत टाकतात व ती आत्महत्या करते. १६०५ मध्ये छापल्या गेलेल्या 'किंग लिअर' या निनावी जुन्या नाटकाचा शेवटही लिअरला राज्य परत मिळण्याने होतो.

शेक्सपिअरने विजयाचे रूपांतर पराभवात केले आणि कॉर्डेलियाचा मृत्यू लिअरच्या आधी आणला. जुन्या कथेतील आत्महत्येचाही त्याने वेगळा उपयोग केला. कॉर्डेलियाने निराशेपोटी जीव दिला असे भासवावे, अशी एडमंडची सूचना असते. अशा रीतीने बखरीतील आत्महत्या या नाटकात खुन्याने रचलेला बनाव ठरते. जुनी कथा ठाऊक असलेल्या तत्कालीन प्रेक्षकांना हा शेवट अनपेक्षित वाटला असावा.

विलंब आणि विस्मरण

कॉर्डेलियाचा मृत्यू अटळ होता काय, हा या अंकाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे. एडमंडचा आदेश प्रेक्षकासमोर दिला जातो. त्यानंतर भगिनींचे भांडण, द्वंद्व, ओळख पटणे, ग्लॉस्टरच्या मृत्यूचे निवेदन असे प्रसंग एकामागून एक येतात. आपल्या हातून काही चांगले घडेल असे एडमंड मध्येच सुचवतो, परंतु एडगरला पुढे बोलू देतो. केंट राजाची चौकशी करतो तेव्हाच लिअर व कॉर्डेलिया यांचे विस्मरण झाल्याचे ऑल्बनीच्या ध्यानी येते. द्वंद्वात रमलेला प्रेक्षकही त्यांना विसरलेला असतो. एडगरचा विजय म्हणजे न्यायाची पुनःस्थापना. पण त्या न्यायाला लागलेल्या वेळातच निरपराध कॉर्डेलियाचा जीव जातो. देव तिचे रक्षण करोत, अशी प्रार्थना ऑल्बनीच्या ओठी असते आणि तिला उत्तर म्हणून लिअर तिचे प्रेत घेऊन येतो.

पहिल्या अंकाशी नाते

लिअर आणि त्याच्या तिन्ही मुली एकाच वेळी रंगमंचावर दिसतात त्या पहिल्या प्रवेशात आणि या शेवटच्या प्रवेशात. शेवटी तिघीही मृत असतात. आरंभी कॉर्डेलियाच्या मौनामुळे क्रुद्ध झालेला लिअर आता तिच्या ओठांतून एखादा शब्द येतो का, हे कान देऊन ऐकतो. तिचा आवाज मृदू होता, याची तो आठवण काढतो. प्रारंभी केवळ आज्ञा करणारा राजा मृत्यूपूर्वी एक बटण सोडण्याची विनंती करतो व त्याबद्दल आभारही मानतो. त्याच्यातील परिवर्तन दाखवण्यास नाटककाराला एवढी लहान कृती पुरते.

लिअरच्या शेवटच्या भाषणातील एका इंग्रजी शब्दावर बरीच चर्चा झाली आहे. त्या शब्दाचा अर्थ 'विदूषक' असा होतो आणि लाडाने 'वेडी पोर' असाही होतो. संदर्भावरून तो कॉर्डेलियासाठी आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि तिसऱ्या अंकानंतर नाहीशा झालेल्या विदूषकाचेही त्यातून स्मरण होते.

संहिताभेद

नाटकाच्या दोन प्रमुख संहिता आहेत: १६०८ ची क्वार्टो (लहान आकाराची सुटी आवृत्ती) आणि १६२३ ची फोलिओ (मोठ्या आकाराचा नाट्यसंग्रह). क्वार्टोत अंकविभागणी नाही. ती फोलिओत आढळते. शेवटच्या प्रवेशात या दोहोंत महत्त्वाचे भेद आहेत:

• क्वार्टोत आपले हृदय फुटो अशी याचना करीत लिअर मरतो. फोलिओत हे उद्गार केंटच्या तोंडी आहेत.
• फोलिओत लिअर मरताना इतरांना कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहण्यास सांगतो. क्वार्टोत हे वाक्य नाही.
• ती परत येणार नाही हे सांगताना लिअर एकच नकारार्थी शब्द क्वार्टोत तीनदा, तर फोलिओत पाचदा उच्चारतो.
• केंटच्या भेटीचे एडगरने केलेले निवेदन केवळ क्वार्टोत आहे.
• समारोपाच्या ओळी क्वार्टोत ऑल्बनीला, तर फोलिओत एडगरला दिल्या आहेत. पुढचा राज्यकर्ता कोण, या प्रश्नाशी हा भेद निगडित आहे.

दोन्ही संहिता एकत्र करून छापण्याची प्रथा दीर्घकाळ होती. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने त्या स्वतंत्रपणे छापल्या.

प्रयोग आणि समीक्षा

नेहम टेट याने १६८१ मध्ये हे नाटक बदलून सुखान्त केले. त्यात लिअर जिवंत राहतो, कॉर्डेलियाचा एडगरशी विवाह ठरतो आणि विदूषकाचे पात्र नाही. इंग्लिश रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे हेच रूप प्रचलित राहिले. एडमंड कीन याने १८२३ मध्ये शोकान्त शेवट परत आणला आणि विल्यम मॅक्रेडी याने १८३८ मध्ये मूळ नाटक बहुतांशी पुनःस्थापित केले.

कॉर्डेलियाच्या मृत्यूचा आपल्याला इतका धक्का बसला की संपादनाचे काम येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत, असे सॅम्युएल जॉन्सन याने १७६५ च्या आवृत्तीत नमूद केले आहे. ए. सी. ब्रॅडली याने १९०४ मध्ये, कॉर्डेलिया जिवंत आहे या समजुतीच्या आनंदात लिअर मरतो, असे प्रतिपादन केले. त्याचा आधार फोलिओतील अखेरचे शब्द हा आहे. हा आनंद भ्रमावर उभा असल्याने शेवट अधिकच दारुण होतो, असे अन्य समीक्षकांचे म्हणणे आहे. लिओ टॉलस्टॉय याने जुन्या निनावी नाटकाचा शेवट अधिक स्वाभाविक मानला. जॉर्ज ऑर्वेल याने १९४७ मधील निबंधात टॉलस्टॉयच्या या आक्षेपांचा परामर्श घेतला.

मराठीतील संदर्भ

विंदा करंदीकर यांनी 'राजा लिअर' या नावाने या नाटकाचा अनुवाद केला (१९७४). वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकामागे लिअरची प्रेरणा मानली जाते. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपली मिळकत मुलांना देऊन टाकतो आणि निराधार होतो. मात्र त्या नाटकात कॉर्डेलियासारखी तिसरी मुलगी नाही. त्यामुळे बेलवलकरांचा अंत करुण असला, तरी निरपराध अपत्याच्या मृत्यूचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दोन्ही नाटकांची तुलना करताना विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

संस्कृत नाट्यपरंपरेत रंगमंचावर मृत्यू दाखवणे सामान्यतः निषिद्ध होते. भासाचे 'ऊरुभंग' हा त्याला ठळक अपवाद. 'किंग लिअर'च्या पाचव्या अंकात मृत्यू समोर दाखवला जातो आणि त्याचे समर्थन कोणतेही पात्र करीत नाही. दुःख भोगून लिअर शहाणा होतो, परंतु त्या शहाणपणाने कॉर्डेलिया वाचत नाही. तिच्या मृत्यूला अर्थ आहे की नाही, याचा निर्णय नाटककाराने वाचक-प्रेक्षकांवर सोपवला आहे.