गणित-विज्ञानाची शिकवणी लावताय? फी भरण्याआधी हे तपासा

जून उजाडला की तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून शाळेच्या फाटकापर्यंत क्लासचे फ्लेक्स लागतात. घरात कुणी दहावीला गेले की पाहुण्यांचाही पहिला प्रश्न असतो, 'क्लास कुठला लावला?' सगळे लावतात म्हणून फी भरली जाते आणि दिवाळीनंतर कळते की पोराचे गणित होते तिथेच आहे. सोयाबीनच्या पट्टीतून किंवा मजुरीतून फी काढणाऱ्या घराला ही चूक परवडत नाही.

दहावीला राज्य मंडळाच्या सध्याच्या पद्धतीत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाचीही मांडणी अशीच, फक्त तिथे प्रात्यक्षिके येतात. म्हणजे १०० पैकी २० गुण शाळेच्या हातात आहेत. क्लासपायी शाळा बुडवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. पोर दहावीत अडते, पण अडचण बहुतेकदा सहावी-सातवीतली असते. घरीच एक चाचणी घेता येते. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, हे वहीवर करायला सांगा. उत्तर ११/१२ यायला हवे. ३/७ आले तर अपूर्णांक कच्चे आहेत. मग उणे ७ मधून ५ वजा करायला सांगा. उणे १२ ऐवजी उणे २ आले तर चिन्हांचा घोळ आहे. या दोन गोष्टी कच्च्या असतील तर वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ असूनही उत्तर चुकते. विज्ञानातही तेच. भिंगाच्या उदाहरणात वस्तू ३० सेंमीवर आणि नाभीय अंतर २० सेंमी असेल तर १/२० मधून १/३० वजा करावे लागतात, तेव्हा १/६० येऊन प्रतिमा ६० सेंमीवर मिळते. इथे अडलेल्या मुलाला 'विज्ञान जमत नाही' म्हणतात. त्याला जमत नसते ती वजाबाकी.

म्हणून शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना एकच विचारावे: मागचे कच्चे असेल तर ते कधी करून घेता? साठ-सत्तर मुलांच्या बॅचला ते बहुधा जमत नाही, तिथे धडा पुढे सरकतच राहतो. पाया बरा असून सराव हवा असेल तर मोठी बॅच चालते. पाया कच्चा असेल तर गावातल्याच एखाद्या बीएस्सी झालेल्या ताईकडची सात-आठ मुलांची शिकवणी जास्त कामाची. फ्लेक्सवरच्या ९५ टक्केवाल्याचा फोटो पाहून भुलू नये, ते पोर आधीपासून हुशार असू शकते. चाळीसवरून साठवर गेलेले कुणी आहे का, ते विचारावे.

सेमीच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची गणित-विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात. समजावणे मराठीतून चालेल, पण लिहून घेणे इंग्रजीतूनच हवे, नाहीतर 'अपवर्तन' कळलेले पोर पेपरात 'रिफ्रॅक्शन'ला थबकते.

शाळेतल्याच शिक्षकांकडे शिकवणी लावावी का? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. हा कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणासाठी आहे. क्लाससाठी दबाव येत असेल तर आधी मुख्याध्यापकांना, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्यावे.

फीची पावती घ्यावीच. वर्षाची रक्कम एकदम न भरता हप्ते मागावेत. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मूल मध्येच बाहेर पडले तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. मात्र त्या ५० हून जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग केंद्रांसाठी आहेत आणि अंमलबजावणी राज्यांकडे आहे. त्यामुळे छोट्या शिकवणीत जे ठरले ते पावतीवर लिहून घेतलेले बरे. फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वेळही पाहावी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण शेवटची गाडी सातला आणि क्लास साडेसातला सुटत असेल तर तो पास काय कामाचा?

क्लास परवडत नसेल तर बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात, आणि मधल्या सुट्टीत वही घेऊन आलेल्या पोराला बहुतेक शिक्षक परत पाठवत नाहीत.

शिकवणी लावलीच, तर महिन्याभराने वही उघडून बघा. आईबापांना गणित येत नसले तरी हरकत नाही. पानोपानी नुसती फळ्यावरून उतरवलेली उत्तरे आहेत, की खाडाखोड आणि त्यावर लाल पेनने केलेली दुरुस्तीही आहे, एवढे कुणालाही दिसते. नुसतीच उत्तरे असतील तर पुढचा हप्ता देण्याआधी सरांना जाऊन भेटा.