तारखेत न मावणारे धर्मांतर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ओळख आपली पाठ्यपुस्तके 'फुलामुलांचे कवी' एवढ्यावर उरकतात आणि त्यांचे धर्मांतर एका तारखेवर : १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. आम्ही 'स्मृतिचित्रे' शिकवतो तेव्हा विद्यार्थी ही तारीख वहीत उतरवून घेतात, तिच्याखाली लक्ष्मीबाईंचे १९०० हे साल लिहितात आणि प्रकरण मिटले असे समजतात. आम्हीही अनेक वर्षे ते असेच शिकवले. पुस्तक पुनःपुन्हा वाचताना मात्र या दोन तारखांनी आपली दिशाभूल केली, असे आम्हांला वाटू लागले आहे.

हा विषय कल्याणला बसून लिहिण्यात थोडे औचित्यही आहे. सहाव्या शतकातील ग्रीक भाषिक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने 'कल्लिआना' या बंदरात पर्शियाहून नेमून आलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे आणि हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या ख्रिस्ती वस्तीचा मागमूस आज गावात नाही. त्यानंतर तेराशे वर्षांनी, १८६९ ते १८७३ या काळात, कोकणातल्या करजगावात जन्मलेला एक चित्पावन मुलगा याच कल्याणात शाळेला जात होता. पुढे तो नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकला, मॅट्रिकपाशी शिक्षण सोडून पोटामागे लागला. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातला जुळारी असे नाना उद्योग त्याने केले. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने 'ऋषि' नावाचे हिंदू धर्मविषयक मासिकही काढले.

म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीच टिळकांचे मन एका जागी स्थिर नव्हते. मूर्तिपूजा आणि जातिभेद त्यांना पटेनासे झाले होते. आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, इथवर त्यांची मजल गेली होती. १८९३ साली नोकरीच्या शोधात राजनांदगावला जाताना आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. त्यांनी बायबल हाती ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. ते खरे ठरले, हे चरित्रकार हटकून सांगतात. आम्हांला त्या भाकितापेक्षा त्या दोन वर्षांच्या वाचनाचे मोल अधिक वाटते. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले, आणि तेही त्यांच्या ओठी तुकोबा असताना. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत.

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. येशूच्या उपदेशाच्या आरंभी जी हाक आहे तिचे मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप करा' असे भाषांतर होते. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' हा आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ मन पालटणे असा होतो. पश्चात्तापाची नजर मागे, केलेल्या चुकीकडे असते. मन पालटण्याला पुढची दिशा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल मन नवे करून रूपांतर होऊ देण्याविषयी बोलतो, तेथील ग्रीक क्रियापदाचे रूपही चालू राहणाऱ्या क्रियेचे आहे. ख्रिस्ती साधनेत बदल हा उंबरठा नसून वाट आहे, असे आम्ही म्हणतो ते या आधारावर. मराठीत आपण 'धर्मांतर' हा शब्द वापरतो आणि त्यात घर बदलल्याचा भास होतो. सामान नव्या जागी लावले की काम संपले!

लक्ष्मीबाईंचे काम मात्र दुसऱ्याने घर बदलल्यावर सुरू झाले. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न कळवता. टिळकांविषयी आम्हांला कितीही आदर असला तरी या गोष्टीचे समर्थन करावेसे वाटत नाही. त्यांच्या सत्यशोधनाची किंमत काही वर्षे त्यांच्या पत्नीने भरली, नातलगांच्या आधाराने, लहान दत्तूला सांभाळत, पंढरपुरासारख्या क्षेत्री राहून. वारकऱ्यांच्या पंढरीत राहणाऱ्या या बाईच्या नवऱ्याने तुकोबांचे बोट धरूनच दुसरी वाट धरावी, हा विरोधाभास वाचताना अस्वस्थ करतो. 'स्मृतिचित्रे'त त्या स्वतःवर इतक्या मोकळेपणाने हसतात की त्या हसण्याखालचे दुःख वाचकाच्या लक्षात उशिरा येते. वर्गातही मुले आधी हसतात.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याबरोबर राहायचे, पण आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. टिळकांचे मन ग्रंथ वाचून आणि वाद घालून बदलले. लक्ष्मीबाईंचे मन चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी बदलले. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांचा आहे, या निश्चयाला त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या आणि सोवळे सोडले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. १९०० ही तारीख म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीवर उठवलेला शिक्का होय. आणि सोवळे सोडणे हे त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला कोणत्याही धर्मसिद्धान्तापेक्षा कितीतरी अवघड होते, हे आपण आज स्वयंपाकघरात उभे राहून सहज विसरतो.

टिळकांची वाटही १८९५ ला संपली नाही. तेव्हाच्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) ते धर्मशिक्षण देऊ लागले, १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळू लागले. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा कृष्णराव सांगळे यांनी आधीच घातली होती. टिळकांनी भजने आणि अभंग लिहून ख्रिस्ती उपासनेला मराठी भक्तीचा सूर दिला. मराठी मंडळीने परदेशी वळणाच्या उपासनेत आणि परदेशी पैशावर किती दिवस राहायचे, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत होते. ज्या विधीसाठी या माणसाने घर, जात आणि आप्त गमावले, त्याच विधीला त्याने शेवटी ख्रिस्तभक्तीची अट मानले नाही. १८९५ पेक्षा हे पाऊल धाडसाचे होते, असे आमचे मत आहे. पहिल्या वेळी पाठीशी निदान मिशन होते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्याला अपयश म्हणणारे आहेत, आणि संस्था म्हणून ते होतेच. पण जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ हा भारतीय धाटणीचा आश्रम स्थापला होता. शिकवायला आलेली माणसे टिळकांकडे शिकू लागली होती.

टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हे येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून ते तसेच राहिले. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून एके काळी आकांत केलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे हाती घेतले. १९३६ मध्ये त्या गेल्या तोवर त्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घातलेली होती.