शाळा अंगणात आली तेव्हा



आपल्यापैकी कितीतरी जण गावच्या अंगणवाडीतून पहिलीत आलो. यवतमाळ सोडून मी संगणकाच्या कामात रमले. पण ‘अंगणवाडी’ या शब्दामागचा इतिहास फार उशिरा वाचला. तो आपल्या स्मरणिकेत असावा, म्हणून हा लेख.

ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले. पण ती साधने महाग, खेड्याला न परवडणारी. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली. गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. मुले मोजू लागली, चित्रे काढू लागली, प्रश्न विचारू लागली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आमच्या कामात वापरणाऱ्याला प्रोग्राम जमला नाही, तर दोष प्रोग्रामचा मानतात. ताराबाईंनी तोच न्याय शाळेला लावला: मूल आले नाही, तर बदलायचे शाळेने. आज चार वर्षांच्या मुलांना गृहपाठ देताना आपण हे विसरतो.

संमेलनाहून परतताना आपापल्या अंगणवाडीत जरूर डोकावा. मुले मातीत खेळत असतील, तर ताईंचे कौतुक करा.