सुईच्या टोकावरील पुरावा

पोटांत वाढलेली गांठ साधी कीं घातक, हें ठरविण्यासाठीं एके काळीं पोट उघडण्यावांचून बहुधा गत्यंतर नसे. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलांतील हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनीं गांठींत सुई खुपसून पिचकारीनें पेशी ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेंत तिला फारसा आश्रय मिळाला नाहीं. तो मिळाला पुढें स्वीडनमध्यें, आणि तोही अधिक बारीक सुईला.

अन्नमार्गाची अडचण निराळी होती. जठराच्या अस्तराखालीं दडलेली गांठ दुर्बिणींतल्या चिमट्यानें खुडूं जावें, तर वरचें निरोगी अस्तरच हातीं येई. स्वादुपिंड तर जठराच्याही मागें! १९९२ सालीं डेन्मार्कचे पीटर विल्मान व त्यांचे सहकारी यांनीं दुर्बिणीच्या टोकाशीं बसविलेल्या ध्वनियंत्राच्या साह्यानें तेथपर्यंत सुई नेल्याचें प्रसिद्ध केलें.

परंतु बारीक सुईनें येतात त्या सुट्या पेशी. त्यांची मूळ मांडणी हरवते. पाडलेल्या घराच्या विटा पाहून घर ओळखण्यासारखेंच तें. १९९८ सालीं जपानांत हिरोता प्रभृतींनीं जठराच्या अशाच एका गांठींत 'किट' जनुकाचा बिघाड दाखविला, आणि त्या प्रथिनाच्या परीक्षेसाठीं अखंड तुकड्याची निकड वाढली. २००२ च्या सुमारास आलेली तुकडा कापणारी सुई ताठ असल्यानें आंतड्याच्या वळणांत अडे. नंतरच्या, टोंकाला दांते असलेल्या सुयांनीं ती उणीव पुष्कळ भरून काढली. थोड्या खेपांत पुरेसा तुकडा मिळूं लागला. मात्र पेशी तेथल्या तेथें तपासणारा तज्ज्ञ शेजारीं असेल, तर साध्या सुईनेंही बहुधा निदान साधतें.